फ्लेक्सवरची गोरी बाई

फ्लेक्सच्या दुकानातल्या वासानं मला मळमळतं. शाईचा तो गोडसर वास एकदा घशात बसला की जेवणाची वासना राहत नाही. माय गेली, आणि तेरवी दोन दिवसांवर आली तेव्हा दादा मला चिखलीच्या अशाच एका दुकानात घेऊन गेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अमडापूरजवळच्या आमच्या गावी शेती तोच करतो, मायचं दुखणंखुपणंही त्यानंच काढलं. मी जिल्ह्याच्या गावी चित्रकलेच्या कॉलेजात पाश्चात्य कलेचा इतिहास शिकवतो. "तू ड्रॉइंगवाला हायेस, जरा नजर टाक," एवढ्यासाठी मला सोबत घेतलं होतं.

मला एकच गोष्ट हवी होती. फाट्यावर जो फोटो लागेल तो मायचा असावा. गाव तिला शेवटचं त्यातच पाहणार होतं. तिचे फोटो घरात जवळजवळ नाहीतच. पुतणीच्या लग्नात मोबाइलवर काढलेला एक त्यातल्या त्यात बरा होता. उन्हानं बारीक झालेले डोळे, कपाळाला आठ्या, हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके, रंग काळा आणि ओठ घट्ट मिटलेले. फोटो काढणाऱ्यावर ती वैतागली होती, आणि ते साफ दिसत होतं. माय अशीच होती.

दुकानदारानं गालात गुटखा धरून कॉम्प्युटरवर एक तयार नमुना उघडला. मागं सगळा सोनेरी रंग, मधोमध तेजाचं वर्तुळ. वरच्या बाजूला आमच्या भागातले पुढारी, एकेकाचं तोंड टरबुजाएवढं. त्यांच्याखाली मायसाठी रिकामी जागा, त्यांच्याहून लहान. आणि अगदी तळाशी 'शोकाकुल' म्हणून आम्ही सगळे, हात जोडलेले, वाटाण्याएवढे.

दरवर्षी मी वर्गात सांगतो, मध्ययुगात युरोपातले चित्रकार मानानं जो मोठा त्याला आकारानंही मोठा काढत. संत सगळ्यांत मोठा, देवदूत त्याहून लहान, आणि ज्या शेठनं चित्राचा खर्च केला तो खालच्या कोपऱ्यात गुडघे टेकून, बोटभर. मागं सोन्याचा वर्ख. घर नाही, झाड नाही, आभाळ नाही. मुलं जांभया देतात. इतकी वर्षं उगाच घसा कोरडा केला मी. त्यांना चिखलीच्या कोणत्याही चौकात नेऊन उभं केलं असतं तरी धडा संपला असता. तिकडे मोठा काढलेला माणूस निदान संत तरी असायचा.

"पुढारी कशाले पाहिजेत दादा? मेली आपली माय."

"लावा लागतात," दादा म्हणाला. "उद्या काम पडते त्यायच्याशी."

दुकानदारानं मायचा चेहरा कापला आणि दुसऱ्याच एका बाईच्या धडावर बसवला. त्याच्याकडे धडं तयार असतात. बाईसाठी जरीकाठाच्या शालूतलं, पुरुषासाठी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातलं. उंद्रीच्या कुण्या म्हातारीचा फ्लेक्स बाजूला टांगला होता, तिलाही हेच धड लावलेलं. तेच बांगड्यांनी भरलेले गुबगुबीत हात. मायची बोटं कापूस वेचून वेचून नखांशी फाटलेली होती. मी दारात जाऊन जरा उभा राहिलो, परत आलो.

"आता चेहरा साफ करतो सर," तो म्हणाला. बघता बघता आठ्या गेल्या. गाल फुगले आणि गुलाबी झाले. काळा रंग उतरत उतरत दुधाच्या सायीवर आला. "हे हनुवटीवरचे डाग बी काढले." गोंदणाला डाग म्हणत होता! मग भोवती सोनेरी वेलबुट्टी आली, तिची टोकं गोगलगाईसारखी वळलेली. गुलाबांचे झुबके, फिकट निळे ढग, कबुतरांची जोडी.

हा रोकोको. फ्रान्समधल्या बड्या लोकांच्या दिवाणखान्यांसाठी निघालेली ही शैली. वर्गात मी तिच्याबद्दल सभ्यपणे बोलतो, नाजूकपणा, लालित्य वगैरे. खरं सांगायचं तर मला तिचा पहिल्यापासून तिटकारा आहे. तोंडाला पावडर थापलेली, पोट भरलेली माणसं, आणि हाताला काम म्हणून नाही.

पण माझं डोकं फिरलं ते मधलं सगळं गाळल्यामुळं. सोन्याच्या वर्खापासून या पावडरीपर्यंत यायला तिकडच्या लोकांना काही शतकं लागली, आणि त्या काळात ते माणसाकडे बघायला शिकले. आधी गॉथिक मूर्तींच्या चेहऱ्यांवर दुःख उमटू लागलं. प्रबोधनकाळात चित्रकारांनी कातडीखालची हाडं ओळखली, जवळचं आणि लांबचं कसं दिसतं ते समजून घेतलं, एखाद्या म्हाताऱ्याचं फोडांनी भरलेलं नाकसुद्धा प्रेमानं रंगवलं. पुढं बरोकमध्ये गर्द काळोखातून उजेड आला आणि गरिबाच्या मळक्या तळपायांवर पडला. माय त्या उजेडातली बाई होती. आणि हा गडी वर्खावरून उडी मारून थेट पावडरीत पडला.

"थांबवा," मी ओरडलो. "हे माही माय नाही. आठ्या वापस आना. गोंदन वापस आना."

दुकानदारानं दादाकडे पाहिलं.

"काऊन खिटखिट करून राह्यला बे?" दादा भडकला. "मायले जिंदगीत एक शालू भेटला नाही. आता भेटून राह्यला तं तुह्या पोटात दुखते?"

मी पडद्यापासून बाजूला सरलो. राग मात्र गेला नाही, उलट चिघळला. दादाची माया खरी होती आणि तिच्यातून निघालेलं चित्र इतकं ओंगळ होतं, की चिडायचं कुणावर तेच कळेना. मशीन खरखर करत त्या गोऱ्या बाईला बाहेर ढकलत राहिलं. दादानं ती गुंडाळी मांडीवर घेऊन गावापर्यंत आणली.

तेरवीच्या सकाळी मावशी आली. मायची धाकटी बहीण, डोणगावहून एसटीनं. फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत आली. तिला वाचता येत नाही, पण मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं चांगलं दिसतं. ओट्यावर टेकली, पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"तुमच्या गावात अजून कोनी गेलं काय रे?" ती म्हणाली. "फाट्यावर मोठा फोटो लावेल हाय. कोन्या बड्या घरची बाई दिसते, गोरीपान. म्या हात जोडले अन् आली."

दादा मांडवात पत्रावळी सोडवत होता. त्यानं आमच्याकडे पाठ केली आणि पुढचा गठ्ठा ओढला.

"मावशी," मीच म्हणालो, "थे मायच होय."

तिला आधी थट्टा वाटली असावी. माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. मग ती उठली, घरात गेली, तिथल्या भिंतींवर फोटो शोधून पुन्हा बाहेर आली. आवाज चढवला नाही तिनं.

"मंग माही बहीन कुठी लावली रे तुमी?"