हजेरीचा कॉम्प्युटर

माझा प्रोग्राम फार चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्या चांगलेपणातूनच झालं. तो जरा वाईट असता तर आज मी हे लिहीत बसले नसते.

काम तसं साधं. जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यातलं आधीच्या लोकांचं सगळं पुसून टाकायचं, दमलेल्या यंत्रावरही चालेल अशी फुकट मिळणारी प्रणाली त्यावर चढवायची आणि तो शाळेला द्यायचा. माझा प्रोग्राम हे सगळं एका बटणावर करतो. नोकरी मी पुण्याच्या एका कंपनीत करते, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत टेबल टाकून. हा प्रोग्राम नोकरीबाहेरचा. बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिला आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कोणीही घ्यावा, वाचावा, दुरुस्त करावा. आता तो कुठल्या कुठल्या देशांत चालतो. ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत अशी वीस-पंचवीस माणसं त्यात दुरुस्त्या सुचवतात आणि त्या घ्यायच्या की नाही हे शेवटी मी ठरवते. घरात माझं कोणी ऐकत नाही, तिथे ऐकतात. मला त्याची चटक लागली होती, हे कबूल करते.

ह्या वेडाचं मूळ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी वडिलांना, म्हणजे अप्पांना, डबा द्यायला जायचे. वाटेत एका भंगाराच्या दुकानामागे तांब्यासाठी वायरी जाळत. तो काळा धूर नाकात बसला तो बसलाच. पुढे कॉम्प्युटर शिकले आणि कळलं की लोक चालती यंत्रंसुद्धा अशीच भंगारात घालतात. तेव्हा ठरवलं, आपण एवढं तरी करायचं की यंत्र मरेपर्यंत वापरलं जाईल.

आमच्या त्या मंडळीत माझ्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. पहिली म्हणजे मी घातलेलं एक भांडण. एका थंड देशातल्या गृहस्थाने सुचवलं होतं की पुसायला फार वेळ लागतो, तेव्हा एक झटपट पद्धतही ठेवू. झटपट म्हणजे पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका फाडायची, पानं तशीच ठेवायची. जाणकार माणूस ती पानं पुन्हा वाचू शकतो. मी तीन महिने भांडले. कुणाचं घर रिकामं करून देतो म्हणायचं आणि पलंगाखालचं सामान तसंच ठेवायचं, हा विश्वासघात आहे, असं मी लिहिलं. शेवटी तो थकला आणि मी जिंकले. माझा प्रोग्राम प्रत्येक पानावर तीन-तीनदा काळं फासतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या पानावर मी लिहिलेलं वाक्य: ‘आम्ही बघत नाही, पुसतो.’ लोक आपली जुनी यंत्रं द्यायला का घाबरतात, तर आतलं कुणी बघेल म्हणून. तेव्हा उघडायचंच नाही, हा आमचा नेम. हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की एका बाईंनी ते भरतकाम करून आपल्या भिंतीवर लावलं. फोटो पाठवला होता. मी तो अप्पांना दाखवला होता.

अप्पा मूळचे मैंदर्गीचे. घरी कोरडवाहू शेती, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. तरुणपणी सोलापुरात आले आणि चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर झाले. आधी ग्राफपेपरवर चौकोन भरायचे, त्यावरून मागाला नक्षी कळावी म्हणून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचे, मग कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशीच्या आसपास तोही शिकले. एमआयडीसीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी आपल्या मागावर चढलेलं डिझाईन संध्याकाळी शेजारच्या मागावर दिसतं. त्यामुळे मास्तर लोक डिझाईन लपवतात. अप्पा ग्राफपेपर बनियन आणि शर्टाच्या मध्ये घालून घरी आणायचे आणि आम्हालाही दाखवायचे नाहीत. आई म्हणायची, “एवढं तर दागिनं बी कोण झाकत न्हाय.”

मी त्यांना चिडवायचे. “अप्पा, आमच्यात उलटं असतं. आम्ही सगळं उघडं टाकतो.”

“मग कोण चोरत न्हाय व्हय?”

“चोरतात की. तेच तर हवं असतं.”

यावर ते आईकडे बघायचे. पोरीला एवढं शिकवून काय मिळवलं, असा तो चेहरा असायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं हळू झालं. आणि गेल्या वर्षी कारखानाच बंद पडला. मालकांनी मला फोन केला, “ताई, नऊ कॉम्प्युटर हायत. भंगारवाला दारात उभा हाय. तुमाला पायजेत का?” मी टेम्पो घेऊन गेले. भंगारवाल्याच्या हातून नऊ यंत्रं काढून आणताना लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

एक शहाणपण मी केलं होतं. डिझाईन खोलीतला कॉम्प्युटर पुसण्याआधी त्यातलं सगळं वेगळ्या डिस्कवर काढून घेतलं. अप्पांचं आयुष्य त्यात होतं, एवढं मला कळत होतं. बाकीचे आठ ऑफिसातले, गोदामातले, आणि एक फाटकाजवळच्या केबिनमधला. त्या शेवटच्यावर कामगारांची हजेरी लागायची. त्याच्या कीबोर्डवर चहाचे डाग होते. त्यात काय असणार, कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला. शिवाय आम्ही बघत नाही, पुसतो.

रविवारी भर दुपारी हॉलमध्ये नऊच्या नऊ मांडले आणि बटण दाबलं. आई वैतागली होती, चालायला जागा नव्हती. अप्पा मात्र खुर्ची ओढून समोर बसले होते. त्यांना बरं वाटत होतं. कारखान्यातली माणसं घरी आल्यासारखे ते एकेका यंत्राकडे बघत होते. मी म्हटलं, “अप्पा, डिझाईनचं सगळं आधीच काढून घेतलंय, काळजी करू नका.”

ते हळूहळू म्हणाले, “तुला ठावं की सगळं.”

संध्याकाळपर्यंत पुसून झालं. महिन्याभरात सगळी यंत्रं शाळांना गेली. हजेरीचा कॉम्प्युटर मी मुद्दाम मैंदर्गीच्या शाळेला दिला, अप्पांच्या गावाला म्हणून. गुरुजींनी त्याला हार घातला.

त्यानंतर एका दुपारी जेवण झाल्यावर अप्पा म्हणाले, “माजी डिझाईनं दाव की.”

मी आनंदाने डिस्क लावली. त्यांचा डावा हात माऊसवर ठेवून दिला. ते एकेक उघडत गेले. मोर, वेलबुट्टी, चौकटी, पुन्हा मोर. बराच वेळ बघून त्यांनी माऊस सोडला.

“ही न्हायत.”

“हीच आहेत, अप्पा. सगळी आणलीत.”

“ही मालकाची. माजी हजेरीच्या मशिनीत हायत.”

मी विचारलं, हजेरीच्या मशिनीत का. त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, दोन-तीनदा पाणी पिऊन. जेवणाच्या सुट्टीत ते फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसायचे. हजेरीचा कारकून त्यांचा दोस्त होता. डिझाईन खोलीतल्या कॉम्प्युटरवर दहा जणांचे हात. हजेरीच्या डब्यात कोण बघणार? तिथे त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःची डिझाईनं काढली होती. मालकांना एकदा दोन दाखवली होती. मालक म्हणाले, लई बारीक हाय मास्तर, गिऱ्हाईक मोर मागतंय. मग पुन्हा दाखवली नाहीत, पण काढायची थांबले नाहीत.

“किती होती?”

“दोनशेच्या वर आसतील. एक बी विणलेलं न्हाय.”

मोराच्या चादरी हव्या असतील तर निम्म्या जिल्ह्याच्या कपाटात सापडतील. ही दोनशे जगात त्या एका यंत्रात होती आणि कुठेच नव्हती.

“अप्पा, मला सांगायचं की हो.”

“सांगायचं काय? तू मशीन उघडली की दिसंलच की तुला.” त्यांना माझं नवल वाटत होतं. “तू कॉम्प्युटरची मास्तर.”

मी म्हटलं, “आणते.” खोटं बोलले. मी त्यांच्याशी आयुष्यात फार खोटं बोललेले नाही, पण हे बोलले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने मैंदर्गीला गेले. गुरुजी म्हणाले, “ताई, कशाला तरास घेतला? मशीन लई झकास चाललंय. काय बिघाड हाय का?” मी म्हटलं, थोडं तपासायचंय. शिक्षकांच्या खोलीत खाली सतरंजीवर बसून मी तो कॉम्प्युटर उघडला, डिस्क बाहेर काढली, माझ्या लॅपटॉपला जोडली आणि वाचायला लागले. नवी प्रणाली आणि पोरांनी काढलेली चित्रं सोडली तर उरलेल्या जागेत निव्वळ खिचडी. एकही ओळ नाही, कशाचाही तुकडा नाही. चार तास वाचत होते. गुरुजींनी दोनदा चहा पाठवला, तो तसाच गार झाला. शेवटी डिस्क परत बसवली, यंत्र चालू करून दिलं. गुरुजी म्हणाले, “झालं का नीट?” मी म्हटलं, झालं.

नंतरचे आठ दिवस मी माणसात नव्हते. माझाच प्रोग्राम ओळ ओळ वाचत होते, त्यात चूक सापडावी म्हणून. एखादा कोपरा पुसायचा राहतो का, एखादं पान सुटतं का. आपल्या कामात खोट निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई मी पहिलीच असेन. सापडेना. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी तो इतका तपासून दिला होता की त्यात सुटण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग मी मंडळींना विचारलं, आपल्या पुसण्यातून कधी काही वाचलंय का, कुणाला काही परत मिळालंय का. का विचारते ते सांगितलं नाही. धडाधड उत्तरं आली. नाही, काही उरत नाही, आम्ही खूप प्रयत्न करून पाहिलाय. अभिनंदनाच्या टाळ्या आल्या. त्या थंड देशातल्या गृहस्थानेही मोठ्या मनाने लिहिलं की तेव्हा तुझंच बरोबर होतं, मी चुकलो होतो. ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. त्या झटपट पद्धतीला मी हो म्हटलं असतं तर दोनशेतली दीडशे तरी मी उकरून काढली असती.

शेवटी अप्पांना सांगावंच लागलं. दुपारची वेळ होती, आई शेजारी गेली होती. मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. मी उघडून बघितलं नाही. आमच्यात बघत नाहीत. त्या रविवारी तुमच्या समोर जे पुसलं, त्यात ती होती.

ते म्हणाले, “समदं गेलं?”

“सगळं.”

“जरा बी न्हाय ऱ्हायलं?”

“नाही, अप्पा.”

त्यांनी मान हलवली. “इरली बिडु,” म्हणाले. असू दे, सोड. अप्पा मराठी सोडून कानडीत बोलतात ते फक्त फार लागल्यावर. आजी गेली तेव्हा बोलले होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

दुसऱ्या दिवशी मी ग्राफपेपर आणले. वेड्यासारखी दुकानातला अख्खा गठ्ठाच घेऊन आले. म्हटलं, अप्पा, डाव्या हाताने काढा, नाहीतर तुम्ही सांगा, मी चौकोन भरते. त्यांनी माझ्या समाधानासाठी पेन्सिल घेतली. एक चौकोन भरला, दुसरा भरला, रेघ बाहेर गेली. बराच वेळ कागदाकडे बघून पेन्सिल ठेवली.

“डोस्क्यात न्हाय आता,” ते म्हणाले. “म्हणून तर मशिनीत ठिवली व्हती.”

ग्राफपेपरचा गठ्ठा अजून कपाटावर आहे. आई विचारते, टाकू का. मी नको म्हणते.

महिनाभर मी मंडळींकडे फिरकले नाही. दुरुस्त्या साचल्या, लोक विचारायला लागले, बरी आहेस ना. सोडून द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. पण बसले आणि एकच बदल केला. बटण दाबल्यावर प्रोग्राम आता थांबतो आणि एक प्रश्न विचारतो: ‘या यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारलंत का?’ नुसतं पुढे जाता येत नाही, उत्तर हाताने टाइप करावं लागतं. आम्ही अजूनही बघत नाही, पण विचारतो.

चार दिवसांत तक्रार आली. एका नव्या मुलीने फार नम्रपणे लिहिलं होतं की ह्या प्रश्नाने काम अडतं, लोक न वाचताच हो लिहितात, आणि नाही असं उत्तर देणारं माणूस असणार तरी कोण? तेव्हा प्रश्न काढून टाकावा, ही विनंती. खाली सात-आठ जणांनी अंगठे उंचावले होते.

अप्पा हॉलमध्ये खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी बाल्कनीतून त्यांच्याकडे पाहिलं आणि उत्तर लिहिलं. ‘नऊ यंत्रं होती. माझे वडील समोर खुर्चीवर बसले होते. मी त्यांना विचारलं नाही.’

आणि विनंती फेटाळली.