रेंज नसलेल्या गावातली ई-पुस्तकं

लोहा तालुक्यातल्या डोंगराआडच्या एका खेड्यात लुंबिनी सोनकांबळे वाचनालय सांभाळते. अकरा वर्षं झाली. गावात मोबाईलला रेंज नाही. फोन लावायचा तर दीड किलोमीटर चालत फाट्यावर जावं लागतं.

मागच्या साली लातूरच्या एका संस्थेनं वाचनालयाला पाच ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तक वाचायची यंत्रं, द्यायचं कबूल केलं. कोणते हवेत ते तुम्हीच ठरवा, म्हणून महिन्याभरासाठी दोन नमुने पाठवले. एक रंगीत, चकचकीत. दुसरा काळा-पांढरा, पाटीसारखा. नांदेडच्या एका ग्रंथालयातून ई-पुस्तकं एकवीस दिवसांसाठी मिळणार होती.

वाचनालयाचे अध्यक्ष भगवानराव रंगीत यंत्रावर खूश झाले. "बाई, हेच लिहून द्या. उद्घाटनाच्या फोटोत उठून दिसंल."

लुंबिनीनं आधी दोन्ही तपासायचं ठरवलं. नांदेडला जाऊन तिनं दोन्ही यंत्रांत एकच पुस्तक भरून आणलं. रंगीत यंत्र तिथं झकास चाललं, पण गावात आल्यावर पुस्तकाची मुदत तपासायला दर दोन दिवसांनी नेट मागायला लागलं. काळ्या-पांढऱ्यात पुस्तक संगणकातून वायरनं उतरवलं होतं. ते मुकाट उघडत होतं, आणि जोडाक्षरंही मोडत नव्हती.

तेच तिनं मनकर्णाबाईंना वाचायला दिलं. मनकर्णाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. साखरेच्या आजारानं नजर अधू झाली, तशी दोन वर्षं पुस्तक हातात नव्हतं. त्यांनी अक्षर वाढवून बघितलं, आणखी वाढवलं. "लई मोठं होतंय की गं!"

बाराव्या दिवशी त्या धापा टाकत वाचनालयात आल्या. "माय, म्या काय केलं न्हाई. आपोआप बंद पडलं. चार्जिंगला लावून चालू केलं तर असं म्हणून राहिलंय."

पडद्यावर एकच ओळ होती: हे पुस्तक उघडता येत नाही.

मुदत संपायला अजून नऊ दिवस होते, आणि समितीची बैठक दुसऱ्याच दिवशी होती. रंगीत घ्या म्हटलं असतं तर लुंबिनीला कुणीच बोल लावला नसता. काळ्या-पांढऱ्याची शिफारस केली आणि पाचही अशीच आडून बसली तर? एवढ्या वर्षांत कमावलेला शब्द एका बैठकीत जायचा. यंत्र पदरात गुंडाळून ती भर उन्हात फाट्याकडे निघाली.

नांदेडच्या ग्रंथालयातली रेणुका फोनवर आली. "ताई, बॅटरी पुरती उतरली होती का?"

"हाव."

"मग आधी तारीख बघा."

यंत्रातली तारीख पंधरा वर्षं मागं गेली होती.

"बॅटरी पुरती उतरली की तारीख अशी मागं जाते. त्याला वाटतंय, पुस्तक अजून तुम्ही घेतलंच न्हाई," रेणुका म्हणाली. "तारीख हातानं नीट करा. त्याला नेट लागत न्हाई."

लुंबिनीचा दोनदा महिना चुकला. तिसऱ्यांदा जमलं, आणि मनकर्णाबाई वाचत होत्या तेच पान समोर आलं. तरी मनातली धाकधूक जाईना. आपल्याला ठाऊक नाही असं यात अजून काय काय असेल?

बैठकीत तिनं काहीच लपवलं नाही.

भगवानराव चिडले. "म्हणजे बंद पडतंय हे ठाऊक असून तेच घ्यायचं?"

"साहेब, हे बंद पडलं तर आपल्याला इथं चालू करता येतंय. ते रंगीत अडलं तर दरवेळी रेंज गाठावी लागंल."

दारात उभ्या असलेल्या मनकर्णाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आत आल्या, यंत्र हातात घेतलं आणि अर्धं पान खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. भगवानरावांनी चष्मा पुसला आणि कागद पुढं ओढून सही केली.

पाच काळी-पांढरी यंत्रं आली. आता दर तिसऱ्या आठवड्याला लुंबिनी ती पिशवीत घालून नांदेडला जाते, जुनी पुस्तकं परत करून नवी भरून आणते. गावात येऊन पाचही उघडेपर्यंत तिला घास गोड लागत नाही.

परवा ती एस.टी.तून उतरली तेव्हा वाचनालयाच्या पायरीवर तिघीजणी वाट बघत बसल्या होत्या.

"उघडतंय का, ताई?"

"थांबा, बघू दे," म्हणत तिनं पहिलं यंत्र चालू केलं. उघडलं. मग ती दुसऱ्याकडे वळली.