अर्धी मात्रा मागे

माझ्या चुलत आत्याइतकी उशिरा पोचणारी बाई अख्ख्या महाड-पोलादपुरात नाही, आणि या उशिरालाच मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत तीस वर्षं टाळ्या पडल्या! आत्या जॅझ गायची. तिचा शब्द ठेक्यावर कधी पडायचाच नाही. ठेका पुढे निघून गेला की मागून रमतगमत यायचा, तोवर ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. आवाज घोगरा, आणि मध्येच शब्द सोडून 'डुबा-डुबा-डाप' असले नुसते बोल. पोलादपूरजवळ गावी येऊन राहिली तरी खोड जाईना. म्हशीला पाणी दाखवतानाही तेच. शेजारीण विचारायची, "आक्का, ह्यो मंतर कसला गो?" आत्या म्हणायची, "मंतर नव्हे गं, सगळ्यात अवघड गाणं. यात शब्दांमागे लपता येत नाही."

खरी पंचाईत गणपतीत. सगळ्यांची आरती संपायची आणि आत्याचा शेवटचा शब्द अजून वाटेत. ढोलकीवाले नाना वैतागले, "आक्का, देव काय तुमच्यासाठी थांबनार हाय?"

"त्याला कुठे जायचंय, नाना?"

यावर नानांनी कपाळावर हात मारला. पुढेपुढे शेवटची थाप हातात धरून नानाच थांबू लागले, आणि त्यांच्यामागे सारा गाव.

गेल्या वर्षी आत्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण आवाजाचं सांगता येत नाही. महिनाभर अवाक्षर काढायचं नाही. आत्या महाडला माझ्याकडे राहिली आणि पाटीवर लिहून भांडू लागली. एकदा लिहिलं, 'बोलता नाही आलं तरी चालेल. गाता आलं पाहिजे.' मी तिच्यासमोर हसलो आणि स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

महिना संपला तो नेमका गणपतीत. गावी आरती झाली. नानांनी सवयीने हात वर धरला, टाळ्या थांबल्या. आत्या ओठ मिटून उभी. मला वाटलं, संपलं सगळं. नाना हळूच म्हणाले, "घाय नाय, आक्का. आमी हाय हितंच."

आणि आली की हो आत्याची ओळ! चिरकी, मध्येच तुटलेली, पण शेवटच्या शब्दापर्यंत आली. हुश्श! नानांनी अशी थाप मारली की ढोलकीची काळजी वाटावी.

वरचे सूर मात्र गेले ते गेलेच. "बरं झालं रे," ती म्हणते, "तिकडे फार धावपळ व्हायची." मी हसतो. पण आता तिची ओळ लांबली की मला धाकधूक होते, आणि तो शब्द येईपर्यंत मी श्वास घेत नाही.