खाबुऱ्यातले दहा दिवस आणि अमेरिकेतली आमदारीण

गेल्या महिन्यात आठ दिवस ओमानला जाऊन आले. शाळेत रजेचा अर्ज देताना कारण लिहिलं, ‘भावाकडे भेट’. शेजारीपाजारी सांगितलं, ‘जरा फिरून येते’. ब्लॉगवर तरी खोटं कशाला बोलू? मी गेले ते हेव्यापोटी.

केतकी आणि मी मस्कतला एकाच शाळेत, एकाच वर्गात होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिचे वडील पुण्याचे, मोठ्या कंपनीत साहेब. घर अल् खुवैरला, दाराशी पांढरी गाडी. आम्ही वसईचे. आई मस्कतच्याच मत्रह भागातल्या एका दवाखान्यात नर्स, म्हणून मी, आई आणि धाकटा भाऊ पीटर मत्रहला दोन खोल्यांत राहायचो. बाबा तिथून पावणेदोनशे किलोमीटरवर खाबुऱ्याला, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. बारावीनंतर मी वसईला परत आले आणि मराठीची शिक्षिका झाले. केतकी अमेरिकेला गेली, वकील झाली, आणि गेल्या निवडणुकीत तिथल्या एका राज्याच्या विधानसभेवर निवडून आली.

इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतंच, पण गिळलं होतं. मग एका संध्याकाळी सायबर कॅफेत बसून तिची वेबसाइट उघडली. ‘माझं बालपण’ असं एक पान होतं. त्यात लिहिलं होतं की ती ओमानच्या किनाऱ्यावरच्या एका गावात वाढली. तिथे एक मेकॅनिक संध्याकाळी कामगारांची घरची पत्रं लिहून द्यायचा. त्याच्याशेजारी बसून ती शिकली, की समोरच्याचं आधी शेवटपर्यंत ऐकायचं आणि मगच लेखणी उचलायची. राजकारणाचा पहिला धडा तिथे मिळाला म्हणे.

गावाचं नाव दिलं होतं, खाबुरा. मेकॅनिकचं नाव नव्हतं.

ते माझे बाबा! केतकी खाबुऱ्याला आली होती ती फक्त दहा दिवस. आठवीची परीक्षा संपली होती, तिचे आजोबा अचानक वारले, आईवडील घाईने पुण्याला गेले आणि तिला आमच्याकडे ठेवलं. नवा वर्ग सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत आई आम्हा तिघांना घेऊन बाबांकडे गेली. एवढंच. बाबांच्या शेजारी बसायचे ते मी. पत्रांची पाकिटं चिकटवायचे ते मी. बाईंना अमेरिका मिळाली, मतं मिळाली, आता माझं बालपणही हवं? बाबांना जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि आईला विचारलं तर ती नुसतं ‘जाऊ दे’ म्हणाली. ठरवलं, खाबुऱ्याला जायचं, फोटो काढायचे, साक्षीदार शोधायचा आणि याच ब्लॉगवर खरं काय ते लिहायचं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उन्हाळ्यात चुकूनही नको. व्हिसा पीटरने काढून दिला, तो अजून तिकडेच नोकरीला आहे. तुमचं कुणी नसेल तर ट्रॅव्हल एजंटमार्फत काढा आणि हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका. मुंबईहून विमान अडीच तासांचं. मला वसईहून विमानतळावर पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागला.

पीटर अल् खुवैरला राहतो. म्हणजे जिथे राहण्याचं माझं लहानपणी स्वप्न होतं, तिथेच. गच्चीवरून एका बाजूला डोंगर दिसतो, दुसरीकडे मंत्रालयांच्या पांढऱ्या इमारती. पायी चालणारं कुणी दिसत नाही, कोपऱ्यावरून पाव आणायलाही लोक गाडी काढतात. पहिल्याच दिवशी जेवताना माझी भाची रिया, वय वर्षं नऊ, म्हणाली, “आत्या, डिड यू रिअली नो हर? आमच्या स्कूलमध्ये तिचा चार्ट आहे. मीच केला.”

चार्ट दाखवला. मधोमध केतकीचा हसरा फोटो. खाली खाबुऱ्याची ती गोष्ट, रियाच्या गोल गोल अक्षरात.

“हा मेकॅनिक कोण, माहितेय?” मी विचारलं.

“नो.”

“तुझा आजोबा.”

रियाने पीटरकडे पाहिलं. पीटर मला म्हणाला, “सोड ना ताई. चांगलंच लिहिलंय तिने.” तो त्यावेळी सहा वर्षांचा होता. दिवसभर वाळूत खेळायचा, त्याला काय आठवणार?

दुसऱ्या दिवशी मत्रहला गेले. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा, मीटर नसतो. सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, शिरलं की ऊद आणि लोबानाचा वास, आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच असलेल्या गुजराती व्यापाऱ्यांचं ‘आवो बेन’. मी पाव किलो ओमानी हलवा घेतला. आपल्याकडच्या हलव्यासारखा मुळीच नाही. गडद, चिकट, केशर आणि गुलाबपाण्याचा. कोऱ्या कहव्याबरोबर, म्हणजे अरबी कॉफीबरोबर, चमच्याने खायचा. आमची जुनी इमारत उभी आहे, पण खालचं शिंप्याचं दुकान जाऊन मोबाइलचं आलंय. जिन्यात उभं राहिल्यावर आठवलं ते हे, की केतकी एकदाच इथे वर आली होती आणि आमच्या गॅलरीतून दिसणारं बंदर पाहून म्हणाली होती, “यू आर सो लकी!” तेव्हाही मला राग आला होता. ती खरं बोलत असावी, हे मला आत्ता वाटतंय.

चौथ्या दिवशी मस्कतच्या रुवी भागातून सकाळच्या बसने खाबुऱ्याला निघाले. पीटर गाडीने सोडतो म्हणत होता, मी नको म्हटलं. या कामाला मला साक्षीला कुणी नको होतं. बसभाडं दोनेक रियाल, खिडकी डाव्या बाजूची घ्या, म्हणजे डोंगर सोबत येतात. बरका, सुवैक अशी गावं मागे पडतात, मधे खजुराच्या बागा, प्रत्येक चौकात गोल सर्कल आणि सर्कलमध्ये काही ना काही उभं केलेलं, कुठे कहव्याची किटली, कुठे जहाज. वाटेत बस थांबते तिथे मल्याळी कॉफी शॉपमध्ये अंडा पराठा आणि आटवलेल्या दुधाचा चहा. पोटभर, आणि पुरता एक रियालही होत नाही.

खाबुऱ्याला उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. समुद्राच्या बाजूला वाळूवर तारलीचे मासे वाळत घातले होते. वसईच्या माणसाला त्या वासाने घरी आल्यासारखं वाटतं. लिंबाच्या बागा तशाच. वर्कशॉप मात्र सापडेना. तीन ठिकाणी विचारलं. शेवटी एका पंपाच्या दुकानातला पाकिस्तानी माणूस म्हणाला, “पुराना वर्कशॉप? अर्बाब ने, मालिक ने, बेच दिया. मगर शांताराम इधर ही है, पीछे.”

मागच्या शेडमध्ये साठीकडे झुकलेला एक माणूस मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “काका, मी बस्त्याव मेस्त्रींची मुलगी. जसिंता.”

त्याने तार खाली ठेवली. “मेस्तरीचा चेडू?” म्हणाला. “बस गो, बस. मेस्तरी गेले ता समाजला माका. तसो माणूस परत नाय गावाचो.”

शांतारामकाका मालवणजवळचे. बाबांच्या हाताखाली शिकले आणि इथेच राहिले. त्यांनी चहा मागवला, खजूर पुढे केला. मला ताटकळायचं नव्हतं. बॅगेतून वही काढली आणि विचारलं, “काका, बाबा संध्याकाळी पत्रं लिहायचे. आम्ही सुट्टीत आलो होतो तेव्हा त्यांच्याशेजारी कोण बसायचं, आठवतं?”

“आठवता तर! ता चेडू. पुण्याचा. माझ्या आवशीक पत्र तेनाच लिवल्यान.” काका हसले. “मी सांगतंय, ता लिवता. मराठी धड येयना, काना-मात्रा चुकता, मेस्तरी सुधारून देयत. मधीच माका इचारल्यान, ‘काका, आईला काय आवडतं? तेपण लिहू?’ माका असा कोणी इचारूक नव्हता कधी. मी रडलंय, गो.”

“आणि मी?”

काकांनी खजुराची ताटली माझ्यापुढे सरकवली. “तू भुतूर असायचंस. डोक्या दुखता म्हणून. भायर इलंसच नाय. मेस्तरी दोनदा आत येवन बघून गेले.”

“नाही काका, तुम्ही विसरलात,” मी म्हटलं. “पाकिटं मी चिकटवायचे.”

“असात,” ते म्हणाले. “माझा वय झाला आता.”

पण ते विसरले नव्हते. तिथे शेडमध्ये बसल्या बसल्या माझ्याच लक्षात आलं. माझ्या आठवणीत बाबा पत्र लिहिताना नेहमी पाठमोरे असतात. बनियनला घामाचा डाग, वाकलेली मान, आणि मधे उभ्या निळ्या गजांची खिडकी. शेजारी बसलेल्या माणसाला पाठ दिसत नाही.

मग बाकीचंही आलं, थांबवता येईना. शाळेत मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझे बाबा इंजिनीअर आहेत. केतकीचं खाबुऱ्याला यायचं ठरलं तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नव्हती. ती उतरली आणि बाबा पुढे आले ते ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी. मागे पत्र्याची शेड. तिने नमस्कार केला, बाबा काळे हात लांब धरून, नुसती कोपरं जोडून हसले, आणि मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. ते दहा दिवस दुखलं. केतकीने शाळेत परत गेल्यावर कुणालाही काही सांगितलं नाही. त्याबद्दलही मी तिचा रागच केला. तिने माझी लाज सांभाळली होती, आणि ते मला सहन झालं नव्हतं. पाकिटं मी चिकटवली नव्हतीच. पुढे कधीतरी, बाबा गेल्यावर बहुतेक, मी स्वतःला उचलून त्या बाकावर नेऊन बसवलं होतं.

काकांनी दुपारी जेवायला थांबवून घेतलं. सुरमईची कढी, भात, आणि वर त्यांनी कापून दिलेलं लिंबू. मी एक फोटो काढला, तोही त्यांचा. निघताना ते म्हणाले, “त्या चेडवाक बोल, आवशीन ता पत्र मरेपर्यंत जपल्यान.”

परतीच्या बसमध्ये डोंगर उजव्या हाताला येतात, म्हणून मी डावीकडे बसले. डोंगर बघायची इच्छा नव्हती.

वसईला आल्यावर केतकीच्या कार्यालयाला ईमेल केलं. चार ओळी, खाली माझा फोन नंबर. त्या मेकॅनिकचं नाव का नाही, एवढंच विचारलं. वाटलं, एखादा सेक्रेटरी आभार मानेल. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत असताना फोन वाजला.

“जसू?”

बावीस वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

“नाव का नाही टाकलंस?” मी नमस्कार-चमत्कार न करताच विचारलं.

मग ती अडखळत म्हणाली, “कारण मला माहीत नव्हतं. मी त्यांना मेस्त्री अंकल म्हणायची. मी कधी विचारलंच नाही गं. पान लिहिताना लक्षात आलं, अँड आय वॉज अशेम्ड. तुला फोन करायला भीती वाटली.”

“भीती? माझी?”

“तू नेहमी माझ्यावर रागावलेली असायचीस.”

मी नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. तिने दोनदा म्हणून पाहिलं. वाढली की दहा दिवस राहिली, हेही मी विचारलं. ती म्हणाली, “दहा दिवस बरोबर आहे. मी दुरुस्त करते. पण जसू, आमच्या घरी असं कुणी ऐकत नसे. नोबडी.” मी खाबुऱ्याला जाऊन आले म्हटल्यावर, शांतारामकाकांच्या आईला लिहिलेलं ते पत्र पोचलं का, असं तिने विचारलं. मी निरोप दिला. ती रडली असावी, नाक पुसल्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मला तेव्हाही हेवाच वाटत होता.

“बाबा तुझ्याशी काय बोलायचे?” मी विचारलं.

“खूप काही. तुला सांगू?”

शाळेचा पहिला तास चुकला. दाराशी चप्पल घालून मी तशीच उभी होते आणि अमेरिकेतली एक आमदारीण मला माझ्या बाबांबद्दल सांगत होती: ते मोटारीला कान लावून बिघाड कसा ओळखायचे, पत्राच्या शेवटी प्रत्येकाला घरच्या गाईम्हशीचं नाव का विचारायचे, आणि तिला एकदा म्हणाले होते, ‘माझी पोर तुझ्याहून हुशार आहे, फक्त आता तिला बरं वाटत नाहीये.’

वेबसाइटवर आता त्यांचं पूर्ण नाव आहे. ‘वाढले’ जाऊन ‘दहा दिवस राहिले’ झालंय. आईने प्रिंट काढून येशूच्या तसबिरीशेजारी लावलाय. लोक येऊन अभिनंदन करतात आणि मी चहा करते.

हेवा गेला का, असं पीटरने फोनवर विचारलं. नाही गेला. फक्त अमेरिकेचा, आमदारकीचा, पांढऱ्या गाडीचा आता वाटत नाही. तिने माझ्या बाबांबरोबर दहा संध्याकाळी काढल्या. मी तिथेच होते, आणि मला त्यांतली एकही मिळाली नाही.