भिगवणमध्ये ओळखू आलेला सायलेन्सर

जुन्या धाटणीची मोटरसायकल घेतली, पण तिचा आवाज मला फारच मवाळ वाटला. म्हणून बारामतीच्या एका गॅरेजमध्ये बाहेरचा सायलेन्सर बसवून घेतला. "नवा कोरा हाय," मेकॅनिक म्हणाला. मी नळीत बोट फिरवलं, तर ते काळं झालं. "टेस्टिंगची काजळी हाय ती," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मला ते पटलं नाही, पण गाडी सुरू झाली आणि त्या धडधडीपुढे मी शंका गिळली.

इंदापूरला घरी जाताना वाट वाकडी करून भिगवणला मासे खायला थांबलो. खानावळीचा मालक आवाज ऐकूनच बाहेर आला. वाकून त्यानं सायलेन्सरच्या खालचा पोचा चाचपला आणि गाडीची किल्ली काढून घेतली.

"ह्यो माझा हाय. चोरीला गेला हुता. कुठनं आणला?"

जेवणारी माणसं उठून भोवती जमली. मी घाईघाईनं मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भिगवणच्या खानावळीचं नाव घेताच तो म्हणाला, "चोरीचा न्हाय. मालकाच्या मेव्हण्यानंच आणून दिला."

चुलीपाशी भाकरी थापणारी मालकाची बायको उठली. "व्हय, मीच भावाला न्यायला सांगितलं. तुमी घरी आला की लेकरू दचकून उठायचं. किती येळा बोलले, ऐकलं का?"

मालकानं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तो आत गेला. मी न जेवताच निघालो. वाटेत माणसं वळून बघायची. आवाजामुळं बघतात की सायलेन्सर ओळखतात, हे मला शेवटपर्यंत कळेना.