फ्रिजवाल्यांची फोनवरची बाई

यांची चंदीगडला बदली झाली तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला लढाईवर निघाल्यासारखा निरोप दिला. पंजाबातल्या बातम्या तेव्हा रोज पेपरात पहिल्या पानावर असायच्या. तिथं गेल्यावर बाजाराच्या तोंडाशी वाळूची पोती आणि बंदूकवाले जवान दिसले, बसमध्ये चढताना पिशव्याही उघडून दाखवाव्या लागल्या. पण त्याच बाजारात बायका गाजरं निवडून घेत होत्या, मुलं शाळेत जात होती, आणि आमच्यासारख्यांचे फ्रिज बिघडत होते.

आमचा जरा जास्तच बिघडायचा. सतरा सेक्टरमधल्या शोरूममधून घेतला होता आणि तक्रार तिथंच फोनवरून करायची. फोन एक गृहस्थ उचलत. आवाज असा मधाळ, की तक्रार करणाऱ्यालाच अपराधी वाटावं. "जी मॅडम, बिलकुल मॅडम, कल पक्का!" मी त्या 'कल'साठी दिवसभर घरात बसून राहायची. कुणी यायचं नाही. पुन्हा फोन केला की पुन्हा तितक्याच गोडीनं 'कल पक्का'. शेवटी यांनी जाहीर केलं, "पुढचा फ्रिज दुसऱ्या कंपनीचा. या लोकांच्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांना मधुमेह होता आणि रोज इन्सुलिन लागायचं. त्या बाटल्या फ्रिजमध्येच ठेवाव्या लागत. ऐन मे महिन्यात शहरात कर्फ्यू लागला आणि नेमका त्याच दुपारी फ्रिज बंद पडला.

मी फोन केला. या वेळी एका बाईंनी उचलला. आवाज कोरडा, खणखणीत.

"कल भेजेंगे ना?" मी विचारलं.

"नहीं. कल कोई नहीं आएगा. परसों भी नहीं."

मी थक्क झाले. "अहो, घर में इन्सुलिन है!"

"मैडम, मैकेनिक शहर के बाहर, डेराबस्सी में रहता है. कर्फ्यू में आएगा कैसे? मैं झूठ क्यों बोलूँ? दवाई का कुछ और इंतजाम कर लीजिए. कर्फ्यू खुलते ही सबसे पहले आपके यहाँ भेजूँगी."

मी रागानं फोन आदळला. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, चिडतेस काय? येणार नाही म्हणाली ना, मग आपण आपलं बघू." माठातलं पाणी त्यांनी बादलीत ओतलं, तळाशी ओली वाळू घातली, बाटल्या डब्यात घालून तो वाळूवर ठेवला आणि वरून ओलं फडकं गुंडाळलं. माठ मोरीजवळच्या सावलीत ठेवला. गोड आवाजवाल्या गृहस्थांनी 'कल पक्का' म्हटलं असतं, तर आम्ही नक्कीच वाट बघत बसलो असतो आणि बाटल्या बंद फ्रिजच्या उकाड्यात पडून राहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. त्याच बाई. कर्फ्यूचा पास असल्यामुळे एकट्याच ऑफिसात येऊन बसल्या होत्या. "दवाई ठंडी है?" एवढंच विचारलं. मी मागे वळून सासूबाईंना मराठीत विचारलं, तर पलीकडून प्रश्न आला, "ये कौन सी बोली है? थोड़ी-थोड़ी समझ में आई." मग सासूबाईंनीच रिसीव्हर घेतला आणि आपल्या सांगली छापाच्या हिंदीत त्यांना माठाची सगळी रचना समजावून सांगितली. कर्फ्यू असेपर्यंत रोज सकाळी तो फोन यायचा. सासूबाई अंघोळ उरकून फोनजवळ बसून असत.

कर्फ्यू उठला त्या सकाळी मेकॅनिक पहिला आमच्याकडे आला. यांनीच दार उघडलं आणि त्याला आधी पाणी दिलं.

पुढं दिवाळीच्या आसपास फ्रिजच्या दाराचं रबर सुटलं म्हणून मी फोन केला, तर पुन्हा तो मधाळ आवाज. बाई कुठे आहेत विचारलं. "वो अब फोन पर नहीं बैठतीं, मॅडम. स्टोअर में हैं. कस्टमर नाराज होते थे ना, सीधा 'नहीं' बोल देती थीं."

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी जपमाळ डबीत ठेवली. "चल. रिक्षा बोलव."

"आई, ऑफिसात जाऊन काय सांगणार?"

"खरं ते सांगणार."

सायकलरिक्षातून आम्ही सतरा सेक्टरला गेलो. नऊवारीतली ही म्हातारी बघून शोरूममधलं सगळं काम थांबलं. टायवाल्या मॅनेजरनं उठून खुर्ची दिली. "बोलिए माताजी."

"तुम्हारा वो गोड बोलनेवाला माणूस है ना," सासूबाई म्हणाल्या, "वो हमको सारखा कल-कल बोला. आया कोई नहीं. वो बाई 'नहीं' बोली, तो मेरा औषध वाच गया."

मॅनेजर हसत म्हणाला, "माताजी, कंपनी का रूल है. कस्टमर को ना नहीं कहना."

"तो फिर हाँ बोलके आने का भी रूल करो!"

मागं कुणीतरी खळखळून हसलं. सासूबाई आता जोरात होत्या. आमचा फ्रिज लहान पडतो, मोठा घ्यायचा आहे, ती बाई फोनवर असेल तर इथूनच घेऊ, नाहीतर नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मी हतबुद्ध. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा हे घरात केव्हाच ठरलं होतं.

तेवढ्यात स्टोअरच्या दारातून एक किडकिडीत, चष्मेवाली मुलगी बाहेर आली. माझ्याहूनही लहान! त्या आवाजावरून मी चांगली धिप्पाड, करड्या केसांची बाई मनात धरली होती. तिनं सासूबाईंचे पाय धरले आणि लगेच झापलं, "इतनी दूर क्यों आईं आप? शुगर है ना आपको?"

पंधरवड्यात ती पुन्हा फोनवर आली आणि आम्ही मोठा फ्रिज घेतला. हे थोडे कुरकुरले, पण आपल्या आईपुढं काय बोलणार! उलट पुढं ऑफिसातल्या दोघा-तिघांना त्यांनीच त्या शोरूमवर पाठवलं. ती अधूनमधून आमच्याकडे जेवायला यायची. पुरणपोळीला ती 'मीठा पराठा' म्हणायची, आणि आम्हाला त्याचा कधी राग आला नाही.

काही वर्षांनी आमची पुण्याला बदली झाली. तिथं नवा फ्रिज घेताना मी डोळे मिटून तीच कंपनी सांगितली. तो बिघडला. फोनवर एक गोड आवाज म्हणाला, "उद्या नक्की, मॅडम." बरेच 'उद्या' गेल्यावर मी वैतागून एसटीडी बूथवरून सरळ चंदीगडला फोन लावला. तिनंच उचलला. सगळं ऐकून म्हणाली, "पुणे में मैं कुछ नहीं कर सकती, दीदी." मग हळूच म्हणाली, "दूसरी कंपनी का ले लो. मैंने कहा, किसी से कहना मत." आणि सासूबाईंच्या साखरेची चौकशी केली.

आम्ही दुसऱ्या कंपनीचा फ्रिज घेतला. चांगला निघाला. दुकानात सासूबाईंनी त्याचे कप्पे, रंग काहीच पाहिलं नाही. तक्रारीचा फोन कोण उचलतं, तेवढं मात्र विक्रेत्याला दोनदा विचारलं.