तिला न दिसणारं झाड

कोरोनाच्या साथीत मला कोल्हापुरातल्या एका वसतिगृहात चौदा दिवस ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर ट्रकच्या मागं अक्षरं रंगवणारे एक पेंटर होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला पावणं.

रोज सकाळी ते खिडकीतून बाहेरच्या चिंचेकडे बघत बसायचे, गोळ्यांच्या पाकिटावर दोन ओळी लिहायचे आणि धापा टाकत फोनवर म्हणून दाखवायचे.

‘चिंच म्हणती उन्हाला, जरा बाजूला सर,
खारूताई निजलीया माझ्या मांडीवर.’

"बायकू वरच्या मजल्यावर हाय," ते म्हणाले. "तिच्या खिडकीफुडं नुसती भिंत. मग झाड मीच पाठवतोय."

सहाव्या दिवशी तिला मोठ्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं. तिला बोलवत नव्हतं. नर्स तिच्या कानाशी फोन धरायची आणि मामा रोज नवी कविता म्हणायचे.

"तिला ऐकू तरी येतं का, मामा?" मी विचारलं.

"ते तिचं तिला ठावं, पावणं. म्हणायचं काम माझं हाय."

पुढचे पाच दिवस फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. बाराव्या दिवशी कविता संपल्यावर बारीक आवाज आला, "परत म्हणा की."

मामांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.